कावळ्याला दिलेला शब्द

माणसानं शब्द कुणालाही द्यावा. सावकाराला द्यावा, बायकोला द्यावा, फार तर व्याह्याला द्यावा. कावळ्याला म्हणून देऊ नये. सावकार मुदत वाढवून देतो, बायको विसरल्यासारखं दाखवते. कावळा शब्द घेतो, भात खातो आणि उडून जातो, आणि मग गयावया करायला त्याला गाठायचं कुठं? नाशिकच्या दिवाणी कोर्टातले नक्कलनवीस सावळीरामपंत यांना हे शहाणपण आलं तेव्हा छत्तीस सालचा फाल्गुन चालू होता, वयाला त्रेचाळीस पुरी झाली होती, डोक्याचा ताजा गोटा झाला होता आणि शब्द देऊन झाला होता.

झालं ते असं. पंतांचे वडील भिमाजी, जकात नाक्यावरचे पेन्शनर कारकून, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तापानं गेले. दहाव्याला गंगेवर पिंड ठेवले. गंगेवर म्हणजे गोदावरीवर. नाशिकचा माणूस तिला दुसऱ्या नावानं हाक मारत नाही. आजूबाजूला आणखी चार घरांचे दहावे चालले होते आणि त्यांचे पिंड कावळे पटापट नेत होते. भिमाजींच्या पिंडाकडे मात्र एकही फिरकेना. एक कावळा समोरच्या देवळाच्या भिंतीवर बसून होता. बघत होता, मान वाकडी करत होता, पण खाली काही उतरत नव्हता.

मग नेहमीप्रमाणे मेलेल्याची समजूत काढणं सुरू झालं. पंत हात जोडून म्हणाले, आईला नीट सांभाळीन. कावळा ढिम्म. सटाण्याच्या शेतीचा वाटा चुलत्यांना सुखानं देईन. ढिम्म. पायाखालची फरशी तापली होती आणि पंत एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत होते. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. दर्भाचा कावळा म्हणजे नात्यागोत्यात कायमची नाचक्की; बाप अतृप्त गेला, पोरानं गवतावर भागवलं, असं सात पिढ्या ऐकावं लागतं. तेवढ्यात सटाण्याचे चुलते म्हणाले की दादाला एकच नाद होता, पोहण्याचा. आणि एकुलता एक मुलगा निघाला कोरडा.

हे खरं होतं. भिमाजी चाळीस वर्षं रोज पहाटे नदीवर जात, डोह पोहून पलीकडे जात आणि पोहून परत येत. निदान जेवताना ते असं सांगत. पुराच्या पाण्यात आपण काय काय केलं हे ऐकत पंत लहानाचे मोठे झाले होते. लहानपणी त्यांनी दोनदा हट्ट केला होता, मलाही शिकवा म्हणून. भिमाजी म्हणाले होते, "तुझ्यात ते रक्तच नाही." तो विषय तिथंच मिटला होता, पण पंतांच्या मनातून काही गेला नव्हता.

तर पाय भाजत होते, भटजी दर्भाला गाठ मारत होते, आणि पंत ओरडून गेले, "दादा, मी पोहायला शिकेन. डोह पार करेन." कावळा भिंतीवरून सरळ खाली आला आणि त्यानं पिंड उचलला. शंभर माणसांनी पाहिलं. शेजारच्या दहाव्यातल्या परक्या बाईनंसुद्धा डोळे पुसले. पंतांनी पुढे महिनाभर घरात असा युक्तिवाद करून पाहिला की वचन आणि कावळा यांचा कार्यकारणभाव पुराव्यानं शाबित झालेला नाही, कावळा एरवीही आला असता. हा युक्तिवाद कुठल्याही कोर्टात टिकला असता. घरात टिकला नाही.

कारण घरात आई होती. चंद्रभागाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की ठीक आहे, पोरगा डोह पार करेपर्यंत मी मीठ सोडलं. झालं. पासष्टीची बाई, आधीच काटकुळी, आणि अळणी खायला लागली. बरं, स्वयंपाक दुसऱ्या कुणाला करू देईल तर ती आई कसली? चूल तिच्या ताब्यात होती आणि चव बघायची तिला बंदी, त्यामुळे घरादाराचं मीठ अंदाजानं पडायचं. एके दिवशी आमटीत नावाला नाही, दुसऱ्या दिवशी तोंडात धरवत नाही. पंतांची बायको फुलाबाई आणि पंत एकमेकांकडे बघत आणि गिळत. आईला कोण सांगणार?

चैत्र गेला. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागली. नव्या व्यायाम मंडळानं फळा लावला होता: "सुट्टीत पोहणे शिका. सामुदायिक वर्ग. नवशिक्यांना भीतीचे कारण नाही." पंतांनी तो फळा तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्यांना भीतीचं कारण दिसलं. तरी ते आत गेले. चिटणिसांनी छापील अर्ज पुढे केला. पंतांचा जन्म अर्ज आणि नकला यांत गेलेला, पण असला अर्ज त्यांनी पाहिला नव्हता. तो शाळकरी मुलांसाठी छापलेला होता. इयत्ता कोणती? पंतांनी रेघ मारली. चिटणीस म्हणाले रेघ चालत नाही, शेवटची पास झालेली लिहा. वडिलांस पोहता येत असे काय? इथं मात्र पंतांनी झोकदार अक्षरात लिहिलं, "होय. उत्तम." शेवटी छापलं होतं की बुडाल्यास मंडळ जबाबदार नाही, आणि खाली पालकाची सही. पालक तर वारले, पंत म्हणाले, त्याच भानगडीतून तर मी इथवर आलो. चिटणीस म्हणाले, मग आईची आणा. तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या नक्कलनविसानं घरी जाऊन आईचा अंगठा आणला.

बातमी आळीत पसरायला अंगठ्याची शाई वाळण्याइतकाही वेळ लागला नाही. शेजारच्या कुसाबाई दारात येऊन सांगून गेल्या की त्यांच्या माहेरी पोहणं शिकणाऱ्याला जिवंत मासोळी गिळायला लावतात. समोरचे पेन्शनर मास्तर म्हणाले, मासोळीबिसोळी थोतांड आहे, पाटावर पालथं पडून हातपाय मारायचा सराव करावा, सगळं शास्त्र त्यात आलं. पंत पाटावर पालथे पडून हातपाय मारत असताना विम्याचा एजंट आला, त्यानं दारातून हे दृश्य पाहिलं आणि आल्या पावली परत गेला. मास्तरांनी जाता जाता आठवणीनं सांगितलं की त्या डोहात आजवर कोण कोण बुडालं. सहा नावं होती, आणि सहाही पट्टीचे पोहणारे होते. न पोहणारा एकही बुडाला नव्हता, कारण तो कशाला जाईल तिकडे, असं मास्तर म्हणाले. पंतांना यात मोठं तथ्य वाटलं.

डोह रामकुंडाच्या बराच वर, वस्ती संपते तिथं होता. अलीकडचा काठ सगळा खडकाचा, त्यात चार ओबडधोबड पायऱ्या खोदलेल्या. पलीकडे वांग्याचे मळे, आणि पाण्यापर्यंत उतरलेली काळी चिकण माती. मधे ऐंशी-नव्वद हात हिरवं, स्वस्थ पाणी. वर्गात अकरा जण होते. दहांना अजून मिसरूड फुटायचं होतं. अकराव्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. पोरांनी पहिल्याच दिवशी पंतांना "आजोबा" म्हणायला सुरुवात केली आणि त्यात चेष्टाही नव्हती, हे पंतांना जास्त लागलं.

शिकवायला हारुन उस्ताद होते. साठीचे, काटक, पूर्वीचे विणकर. आता पावसाळ्यात नदीतून माणसं काढायचे आणि उन्हाळ्यात माणसं नदीत घालायचे. त्यांची रीत ठरलेली होती. तीन भोपळे असत, वाळवून पोकळ केलेले. आधी घागरीएवढा पाठीला बांधायचा, तो जमला की तांब्याएवढा, तो जमला की नारळाएवढा. मग काही नाही. स्वतः उस्ताद हातात लांब वेळू घेऊन खडकावर उभे राहात. बुडणाऱ्याला ते हात देत नसत, वेळू देत. तोही लगेच नाही.

पंतांनी उस्तादांचं सगळं म्हणणं पहिल्या दिवशी वहीत उतरवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी वहीबरहुकूम भोपळा स्वतःच बांधला. नक्कल करताना त्यांच्या हातून चौदा वर्षांत चूक झाली नव्हती, ती इथं झाली. गाठ सैल राहिली, भोपळा पाठीवरून सरकून कमरेखाली गेला, आणि पाण्यात पंतांचा तो भाग वर आला आणि डोकं खाली गेलं. पोरांना वाटलं हा काही वरच्या इयत्तेचा प्रकार आहे. ती टाळ्या वाजवायला लागली. खाली पंतांना शेवाळ दिसलं, कुणाची तरी तांब्याची पळी दिसली, आणि आता दादांची गाठ पडणार असं वाटून गेलं. वेळू आला तेव्हा त्यांनी तो इतका घट्ट धरला की बाहेर आल्यावरही सोडवेना. हारुन उस्ताद म्हणाले की साहेब, काठी मंडळाची आहे.

पंधरा दिवसांत दहाच्या दहा पोरं नारळाएवढ्या भोपळ्यावर आली. पंत घागरीवरच. पाण्यात पाय टेकेनासा झाला की त्यांच्या कानात वडिलांचा आवाज यायचा, तुझ्यात ते रक्तच नाही, आणि हातपाय लाकूड होऊन जायचे. ते मागे फिरत, पायरी धरत आणि नाकातलं पाणी शिंकरत बसून राहात. घरी आई काही विचारत नसे. नुसती धोतर घेऊन मोरीवर जाई. पंतांचं धोतर ती फुलाबाईला धुऊ देत नसे, पूर्वी भिमाजींचंही देत नव्हती.

अठराव्या दिवशी चंद्रभागाबाई चुलीपुढेच कलंडल्या. हातापायाला गोळे आले होते, शुद्ध हरपली होती. वैद्यांनी नाडी पाहिली आणि पंतांना बाहेर घेऊन गेले. या उन्हात, इतका घाम जात असताना या वयात मीठ तोडणं म्हणजे मरणाला आमंत्रण, ते म्हणाले. आज खायला लागल्या तर उभ्या राहतील, नाहीतर दिवाळीपर्यंत काही निघायच्या नाहीत. पंतांनी आईचे पाय धरले. फुलाबाईनं चोरून पेजेत मीठ घातलं, तर पहिल्या घोटाला म्हातारीनं वाटी खाली ठेवली. आणि मृग दहा-बारा दिवसांवर आला होता. एकदा नदीला लाल पाणी आलं की डोहाचं नाव काढायला नको, दिवाळीनंतरच. हिशेब करायला नक्कलनवीस लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंतांनी प्रयत्न केला नाही असं नाही. डोहाच्या पाव हिश्शापर्यंत गेले, थिजले, वेळूला धरून परत आले. वर्ग सुटला, पोरं गेली, उस्ताद भोपळे घेऊन गेले. पंत एकटेच पायरीवर बसले आणि त्यांना रडू आलं, मिशांवरून ओघळेपर्यंत. मग त्यांनी डोळे पुसले, पायरीला धरून तीन बुड्या मारल्या, धोतर चिंब भिजवून घेतलं आणि तसेच निथळत घरी गेले. आई भिंतीला टेकून बसली होती. पंत म्हणाले, "आई, पार केला."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. धोतर मागून घेतलं, धरून धरून मोरीपर्यंत गेली आणि बराच वेळ धूत बसली. फुलाबाईनं आनंदानं पानं मांडली, सासूबाईंच्या पानात आधी मीठ वाढलं. चंद्रभागाबाई पानावर बसल्या, बोटानं ते मीठ पानाच्या कडेला सारलं आणि अळणी भात कालवला. म्हणाल्या, "उद्या बघू." तिला कळलं होतं, पण कशावरून कळलं हे काही पंतांना उमगेना, आणि विचारायला तोंड नव्हतं.

पुढच्या दिवशी ते वर्गाच्या आधीच डोहावर गेले आणि अर्ज परत मागितला. हारुन उस्ताद भोपळ्यांच्या दोऱ्या तपासत होते. का म्हणून विचारलं त्यांनी. पंतांचा बांध फुटला. म्हणाले की तुमचा दोष नाही, माझ्यात रक्तच नाही; बाप रोज हा डोह जाऊन येऊन पोहायचा आणि मी त्याच्या पोटी हा असा. उस्तादांनी बापाचं नाव विचारलं. पंतांनी सांगितलं, जकात नाक्यावरचे भिमाजी.

उस्तादांच्या हातातली दोरी थांबली. ते म्हणाले, "भिमाजीबाबू तो मेरेच पास आते थे साहेब. उन्नीस गरमियां."

"पोहायला?"

"बसायला. ही तिसरी पायरी. पाय पाण्यात सोडून बसायचे, पोरांना बघायचे. घागरवाला भोपळा दरसाल बांधून घ्यायचे, आणि दरसाल सोडून द्यायचे. फार भीत होते बिचारे. मला कसम घातलेली, कुणाला बोलायचं नाही. आता ते गेले, म्हणून बोललो."

पंत तिसऱ्या पायरीकडे बघत राहिले. आधी राग आला, अगदी मस्तकात गेला. चाळीस वर्षं जेवताना थापा, आणि वर रक्ताचा उपदेश. मग त्यांच्या डोळ्यांपुढे पायरीवर बसलेला, भोपळा सोडून ठेवणारा बाप आला, आणि राग राहिला नाही. कावळा कशासाठी अडला होता ते त्यांना आत्ता समजलं. दादांना मुलगा पोहायला हवा होता की नाही देव जाणे. त्यांना स्वतःलाच पलीकडे जायचं होतं आणि ते राहून गेलं होतं. पंत म्हणाले, "उस्ताद, तोच भोपळा बांधा. गाठ तुम्ही मारा."

ते पोहले याला पोहणं म्हणावं की नाही यावर मतभेद होतील. शास्त्र त्यात मुळीच नव्हतं. तोंड आभाळाकडे, पाठीला घागरीएवढा भोपळा, हात पीठ कालवल्यासारखे, आणि तोंडानं अखंड रामरक्षा, तीही मधल्या चार ओळी गाळून. पण मधोमध पोहोचल्यावर कानात आवाज आला नाही. आला असता तरी आता तो कुणाचा हे त्यांना ठाऊक होतं. बऱ्याच वेळानं त्यांचा गुडघा कशात तरी रुतला. पंत त्या काळ्या चिखलात चारी हातापायांवर उभे राहिले, मग सरळ पालथेच पडले आणि दादा, दादा म्हणत हुंदके देऊ लागले. वांग्याचा मळेकरी धावत आला. पाठीवर भोपळा बांधून चिखलात रडणारा माणूस चोर नसतो, एवढी समज त्याला होती, त्यानं कुत्रं आवरलं आणि विचारलं, "घरचं कोनी गेलं का वो?" पंतांनी मान डोलावली.

परत पोहून जायची ताकद नव्हती. शब्दही एकेरीच दिला होता. तेव्हा पंत चालत निघाले: पंचवटीतून, भर बाजारातून, पुलावरून, अंगाला चिखल, पाठीला भोपळा. गाठ उस्तादांची होती, ती सुटत नव्हती. पुलावर कोर्टाचे नाझर सहकुटुंब टांग्यातून येताना दिसले. नाझरांनी टांगा थांबवला, नीट पाहिलं आणि पुढे न्यायला सांगितलं. पंतांनी भोपळ्यासकट नमस्कार केला.

घरी आल्यावर ते काहीच बोलले नाहीत. बोलणार काय? पार केला, हे तर काल सांगून झालं होतं. भोपळ्याची दोरी विळीनं कापली, धोतर सोडून मोरीत टाकलं आणि खाली मान घालून बसले. चंद्रभागाबाई भिंत धरत गेल्या. धोतर उलगडलं, आणि थांबल्या. काष्ट्यात चिखलाचा गोळा अडकला होता. तो त्यांनी काढला, चिमटीत चोळला, उजेडात धरून पाहिला. चाळीस वर्षं नाशकात राहून त्यांची बोली नाशिकची झाली होती. माहेरची बागलाणी फक्त मरणादारी किंवा बाळंतपणात तोंडी यायची. ती आत्ता आली.

"हाई पल्याडनी माटी शे," त्या म्हणाल्या.

पंतांनी वर पाहिलं. आई तो गोळा हातात घेऊन मोरीच्या काठावर बसली होती. "त्यांचं धोतर रोज मीच धुवायचे ना. गुडघ्याच्या वर कधी ओलं नसायचं. तरी मी रोज बघायचे, आज ही माती लागली असेल, उद्या लागली असेल."

"तुला माहीत होतं? मग कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? माणूस नदीवरून खुशीत यायचा, चार घास जास्त जेवायचा. बोलले असते तर जायचाच थांबला असता."

तिनं ती माती धुतली नाही. तुळशीच्या कुंडीत टाकली, हात धुतले आणि पानावर येऊन बसली. फुलाबाईनं मीठ वाढलं. आईनं त्यातली चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले; पंतांना तिच्या गळ्याची शीर हलताना दिसली. मग तिनं आमटी भातावर घेतली, सकाळी भिंतीला टेकून का होईना स्वतःच केलेली, आणि पहिला घास घेतला. घास तोंडातच राहिला. तिनं आधी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"अरे, ही तर खारट आहे," ती म्हणाली. "तीन महिने असंच खाताय? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

पंतांनी आमटीची वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करून खाली ठेवली.